हौद ठेवावा की बुजवावा

आमच्या घरामागे पोहण्याचा हौद आहे, हे मी आजही कुणाला पटकन सांगत नाही. खामगावात नळाला पाणी कधी येईल यावर बायका आपली कामं पुढेमागे करतात. तिथे असलं काही सांगायला जीभ अडखळते. शिवाय आम्ही काही हौद बाळगणारी माणसं नाही. मी शाळेत शिकवते आणि नवऱ्याचं मोटारपंप अन् पाइपांचं दुकान आहे. घर आम्ही एका कापूस व्यापाऱ्याकडून घेतलं. ते कुटुंब नागपूरला गेलं, तेव्हा पंखे, कपाटं, अगदी मागच्या दाराची पितळी कडीसुद्धा काढून घेऊन गेलं. हौद तेवढा नेता आला नाही. व्यापारी त्याला ‘स्विमिंग पूल’ म्हणायचा, आम्ही पहिल्या दिवसापासून हौदच म्हटलं.

पहिली काही वर्षं तो कोरडाच पडून होता. एका बाजूला कमरेएवढा, मग उतरत उतरत पलीकडच्या टोकाला डोक्यावरून पाणी जाईल इतका खोल. उन्हाळ्यात त्याचा तळ असा तापायचा की मी त्यात साड्या अंथरून कुरड्या वाळवायची. नवऱ्याने खोल बाजूला दुकानातले जुने पाइप रचून ठेवले होते. आमची मुलगी पुण्याहून आली की म्हणायची, “आई, लोक पूलमध्ये पोहतात, तुम्ही त्यात कुरड्या घालता.”

त्यात पाणी आलं ते शेजारणीमुळे. आमच्या मागच्या भिंतीला लागून एका गादीवाल्यांचं घर आहे. पुढच्या पडवीत गाद्या आणि रजया शिवायचं काम चालतं, मागच्या खोलीत कापूस भरलेला असतो. तिथल्या भाभी माझ्याच वयाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांना आमचा हौद वरून सगळा दिसायचा. एकदा त्यांनी वरूनच विचारलं, “ताई, येवढं मोठं टाकं कोरडं काऊन ठेवता?”

“भरून काय करू? पोहता कुणाला येतं?” मी म्हटलं.

“मले येते,” त्या म्हणाल्या आणि चिमटे लावत राहिल्या.

त्यांचं माहेर नांदुऱ्याच्या पुढे, पूर्णेच्या काठावरच्या एका गावात. नदीला पूर यायचा म्हणून वडिलांनी सगळ्या मुलींना पोहायला शिकवलं होतं. लग्न होऊन इकडे आल्यावर बादलीपेक्षा जास्त पाण्याशी त्यांचा संबंध आला नव्हता. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी मी घरात येऊन नवऱ्याला एवढंच म्हटलं की, हौद भरू या का? बोअरला तेव्हा बरं पाणी होतं. नवऱ्याने आपले पाइप उचलले, हौद घासून घेतला, पाणी गाळायचं एक यंत्र बसवलं आणि दोन दिवस मोटार चालू ठेवली. कशासाठी, ते त्याने विचारलं नाही. त्याला यंत्र बसवायला मिळालं यातच तो खूश होता.

मग दुपारी शाळेतून आले की मी फाटकाला आतून कडी घालायची आणि भाभी यायच्या. जुनी सलवार-कमीज, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. मीही त्यांच्यासारखाच एक ड्रेस शिवून घेतला. पहिल्या दिवशी मी पायऱ्यांवरच बसून राहिले. त्या मात्र सरळ खोल बाजूला गेल्या आणि बुडाल्या. मी घाबरून उभी राहिले, तर त्या दुसऱ्या टोकाला वर आल्या. तोंडावरचं पाणी पुसलं आणि लाजल्यासारखं हसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मला शिकायला बराच काळ लागला. त्या माझ्या पाठीखाली हात धरायच्या आणि म्हणायच्या, “मान सोडा, ताई. मान आकडली की मानूस जड होते.” मला मान सोडणं म्हणजे काय तेच समजायचं नाही. एका दुपारी त्यांनी हात कधी काढून घेतला ते कळलंच नाही. कान पाण्यात होते. बाहेरचा रिक्षाचा आवाज, कुत्री, कुठलीतरी शिटी, सगळं लांब गेलं होतं. मी पाण्यावर पडून होते आणि मला कुणी धरलेलं नव्हतं. बावन्न वर्षांच्या बाईला हे कुणाला सांगावं ते सुचेना, म्हणून मी रात्री भाकरी करता करता नवऱ्यालाच सांगितलं. तो म्हणाला, “चांगलं आहे. पाणी वाया नाही गेलं मग.”

हौद गळतोय हे त्यानंतर दोनेक वर्षांनी लक्षात आलं. आधी वाटलं, ऊन आहे, उडत असेल. पण पावसाळा संपला, ऊन उतरलं, तरी पाणी खाली जातच होतं. नवऱ्याने कुठेतरी ऐकून एक उपाय केला. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची आणि बादलीतलं पाणी जास्त कमी होतं की हौदातलं ते बघायचं. पहिल्या खेपेला हौदातलं जास्त कमी झालं. दुसऱ्या खेपेला दोन्ही सारखंच. तिसऱ्या खेपेला बादलीतलंच जास्त कमी झालं, तेव्हा कळलं की बादलीलाही भोक आहे.

मग त्याने खोल बाजूच्या एका चिरेजवळ कपड्यांची नीळ ओतली. चिरेतून पाणी जात असेल तर नीळ तिकडे ओढली जाईल, असं त्याचं म्हणणं. नीळ थोडा वेळ तिथेच घुटमळली, मग सगळ्या हौदभर पसरली. नंतरचे कितीतरी दिवस भाभींच्या आणि माझ्या टाचा निळसर होत्या. दुकानात येणारे शेतकरी त्याला विहिरीपासून ठिबकपर्यंत काहीही विचारतात आणि तो सांगतो. घरातल्या हौदाचं मात्र त्याला काही सांगता येईना. त्याचा त्याला राग यायचा, आणि तो राग मोटारीवर निघायचा.

आम्ही माणसं बोलावली. पहिला गवंडी आला, काठावर उभा राहिला, आत वाकून न बघताच म्हणाला, “बुजवून टाका. मुरूम टाका, वरतून माती. मस्त बगीचा होते.” त्याचं बोलणं इतकं सरळ होतं की मला ते पटलं. मी मनात मोगरा लावूनसुद्धा टाकला. दुसरा माणूस अकोल्याहून आला, तो असल्या हौदांचीच कामं करायचा. तो म्हणाला, बुजवलात तर उद्या जमीन बसेल, घराच्या पायाला त्रास होईल. आतून नवा थर द्या, दहा वर्षं बघायला नको. मला तेही पटलं. तिसरा नवऱ्याच्या ओळखीचा, शेततळ्यांना प्लास्टिक अंथरणारा. त्याने सांगितलं, थर-बिर काही टिकत नाही, शेततळ्यासारखं जाड प्लास्टिक टाका, विषय संपला. भाभी तेव्हा पायरीवर बसल्या होत्या. तो माणूस गेल्यावर त्या म्हणाल्या, “प्लास्टिकवर शेवाळ येते, पाय घसरते.” झालं, माझ्या मनातून प्लास्टिकही गेलं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बुजव आई. पाण्याची एवढी टंचाई आणि आपण गळका हौद भरत बसायचा, बरं दिसतं का?” मला वाईट वाटलं, कारण ती म्हणत होती ते खरंच होतं. अर्ध्या तासाने तिचाच फोन आला. “पण तू पोहतेस ना गं तिथे? मग नको बुजवू.” म्हणजे जिथून निघाले होते तिथेच मी परत आले.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, “तुझं तू ठरव. मी कुठे त्यात उतरतो.” यात रुसवा होता की मोकळीक, ते मला कळत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, त्यालाही कळत नाही.

मग मी भाभींना विचारलं. मला वाटलं होतं, त्या ठामपणे म्हणतील की दुरुस्त करा. त्या बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिल्या. “दुरुस्त करा,” असं म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पन लवकर करा.” आणि कपडे बदलून निघताना दारात थांबून म्हणाल्या, “नाहीतं राहू द्या ताई, जसं चालू हाय तसं.”

मला काही समजेना. तसं त्यांचं वागणंही थोडं बदललं होतं. पूर्वी मी त्यांच्याकडे गेले की सरळ मागच्या खोलीपर्यंत जायची, कापसाच्या ढिगाला टेकून आम्ही चहा प्यायचो. आता त्या मला पडवीतच बसवायच्या. “आत पसारा हाय,” म्हणायच्या. मी विचार करत बसायची की माझं काही चुकलं का, आमच्या घरातलं कुणी काही बोललं का. पण दुपारी त्या पहिल्यासारख्याच यायच्या, पहिल्यासारख्याच खोल बाजूला बुडी मारायच्या.

उलगडा झाला तो त्यांच्या मालकांमुळे. एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात आले. फार कमी बोलणारा माणूस. इतक्या वर्षांत आमचं बोलणं ईदच्या शिरखुर्म्याला आणि दिवाळीच्या फराळाला, तेवढंच. ते नवऱ्याला म्हणाले, “भाऊ, जरा घरी येता का. मॅडम, तुमीबी या.”

आम्ही गेलो. त्यांनी आम्हाला पडवीतून थेट मागच्या खोलीत नेलं. कापूस तिथे नव्हताच, तो सगळा पुढे हलवलेला होता. आमच्या हौदाकडच्या भिंतीला लावलेलं लाकडी कपाट त्यांनी ओढून बाजूला केलेलं होतं. कपाटामागची भिंत कमरेइतकी ओली होती. रंगाचे पोपडे गळून खाली साचले होते. खोलीत कोंदट वास होता, ओल्या गोणपाटासारखा.

“मोरीचा पाइप गळते असं हिनं सांगतलं होतं,” ते म्हणाले. “मी पूरी मोरी खोदून काहाडली. पाइप चांगला निंघाला. मग पुना दुसऱ्या बाजूनं खोदली. काल कपाट सरकवलं तवा दिसलं.”

भाभी दाराला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या जमिनीकडे बघत होत्या. कपाट भिंतीला त्यांनीच लावलं होतं. ओल आमच्या हौदाची आहे हे त्यांना केव्हाच कळलं होतं. कळलं होतं, आणि त्यांनी नवऱ्याला आपलीच मोरी खोदू दिली होती, दोनदा.

“अहो भाऊ, आम्हाला सांगायचं तरी,” माझा नवरा म्हणाला. तो भिंतीला हात लावून बघत होता, पुन्हा पुन्हा, जणू हात लावल्याने ती वाळणार होती.

“मलेच कोनी नाही सांगतलं, तं तुमाले काय सांगू,” ते म्हणाले.

मला राग यायला हवा होता का, हे मी तेव्हाच स्वतःला विचारलं. आमच्यामुळे त्यांचा कापूस खराब होत होता आणि त्या रोज दुपारी माझ्याशेजारी पाण्यात पाय हलवत बसत होत्या. दुसरीकडे, त्यांनी सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी हौद रिकामा केला असता. तेही त्यांना माहीत होतं. मला रडू आल्यासारखं झालं, पण कुणासाठी ते कळेना. मी म्हटलं, “भाभी, बुजवून टाकते मी हौद. आजच माणूस बोलावते.”

“बुजवा,” त्या म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं.

हा विषय इथे संपायला हवा होता. दुसऱ्याची भिंत भिजवून आपण पोहायचं नाही, इतकं साधं होतं ते. पण आम्ही निघताना भाभींचे मालक फाटकापर्यंत आले आणि तिथे थांबले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“मॅडम,” ते म्हणाले, “भीत माही ओली झाली हे खरं हाय. मोरीबी फुटली. पन ही दुपारून तुमच्याकडून येते ना, तवा हिचा मूड वेगळाच राह्यते. मायाशी बोलते. पह्यले नाही बोले. मले समजूनच नाही राह्यलं तुमाले काय सांगाव ते. तुमीच पाहा.”

नवरा आणि मी घरी आलो आणि जेवायला बसलो. तो म्हणाला, “हा माणूस बुजवा म्हणाला की नका बुजवू म्हणाला?” मी म्हटलं, मलाही कळलं नाही. वरणभात समोर तसाच निवला.

निदान पाणी तरी काढायचं, एवढं ठरलं. पण पाणी रस्त्यावर सोडणं शक्य नव्हतं. गल्लीत दोन घरांची बांधकामं चालू होती, त्यांनी पाइप लावून नेलं. एकाने गायीगुरांसाठी ड्रम भरून नेले. बायका बादल्या घेऊन आल्या, कुणी कपडे धुवायला, कुणी झाडांना. त्यातल्या एकीने विचारलं, “रोजच सोडता का मॅडम पानी?” मी तिची बादली भरून दिली.

हौद रिकामा झाल्यावर मी आणि भाभी पहिल्यांदाच चालत खोल बाजूला गेलो. पाण्यात असताना तो केवढा मोठा वाटायचा. आता भिंती अंगावर आल्यासारख्या वाटत होत्या. आम्हाला वाटलं होतं की एक मोठी चीर सापडेल. एक नाही, पन्नास होत्या, केसासारख्या, जाळं पडल्यासारख्या. अकोल्याचा माणूस पुन्हा आला, प्रत्येक चिरेवर खडूने खूण करत गेला आणि शेवटी खडू खिशात टाकून म्हणाला, पाणी यातल्या कुठून जातंय ते सांगता येणार नाही, सगळीकडूनच जात असेल. किंवा तळातल्या पाइपातून. किंवा दोन्हीकडून.

मी उतारावर बसले. माझ्याने पुढे काही होईना. एवढ्यात भाभी उथळ बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथल्या भिंतींवरून हात फिरवायला लागल्या. तिकडे चिरा कमी होत्या, आणि ती बाजू त्यांच्या घरापासून लांब, आमच्या स्वयंपाकघराकडे होती. मला ते बघून सुचलं की नुसतं थकव्याने बोलले, आज सांगता येत नाही. मी म्हटलं, “मधून भिंत घालू. खोल बाजू बुजवू. एवढीच ठेवू.”

अकोल्याचा माणूस म्हणाला, “असं कोणी करत नाही, मॅडम. धड ना पूल, धड ना टाकी.” गवंड्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. नवऱ्याने मात्र लगेच टेप काढून मोजायला सुरुवात केली. त्याला काहीतरी ठरलंय एवढ्यानेच बरं वाटलं असावं. भाभींना मी विचारलं, “चालेल का?” त्या म्हणाल्या, “मले खोल पायजे व्हतं,” आणि मग लगेच, “नाही, चालते.”

काम दिवाळीनंतर झालं. मधे भिंत उभी राहिली, खोल भागात ट्रॅक्टरने मुरूम आणून टाकला, उथळ भागाला आतून नवा थर दिला. त्यांची मोरी नवऱ्याने आपल्या दुकानातलं सामान लावून बांधून दिली. भाभींचे मालक नको नको म्हणत होते, पण त्यांनी करू दिलं. तो पूर्ण उन्हाळा त्यांच्या खोलीची भिंत वाळायला गेला. तेवढे महिने भाभी आल्या नाहीत. मी एकटीच पाण्यात उतरायची. चार हात मारले की भिंत यायची. वळायचं, पुन्हा चार हात. मला चीड यायची. कधी वाटायचं, सगळाच बुजवायला हवा होता. कधी वाटायचं, थर देऊन सगळाच ठेवायला हवा होता.

त्या आल्या ते पावसाळ्याच्या तोंडावर, एकदम, न सांगता. पाण्यात उतरल्या, दोन्ही भिंतींना हात लावून बघितला आणि म्हणाल्या, “लहान हाय.” मग पाठीवर पडून राहिल्या. बुडी मारण्याइतकं पाणीच नव्हतं. त्यांना ते खटकलं की नाही, मी विचारलं नाही. आमच्यात कपाटाचा विषय कधीच निघाला नाही. मला वाटतं तो निघायला हवा, आणि मला वाटतं न निघालेलाच बरा.

पावसाळ्यात त्यांच्या खोलीत पुन्हा एक डाग आला, पण वर, छताजवळ. तो हौदाचा नाही, असं नवरा म्हणतो. भाभींचे मालक म्हणतात, गच्चीचा असेल. मी रोज त्याची चौकशी करते, तेव्हा भाभी म्हणतात, “ताई, पाऊस पडून राह्यला, भीत ओली होनारच.” हे मला बरं वाटावं म्हणून की खरं म्हणून, मला ठरवता येत नाही.

बुजवलेल्या भागावर मोगरा काही मी लावला नाही. मुरमात आपोआप गवत आलं आणि तरोट्याची रोपं. गेल्या महिन्यात भाभींच्या मुलाचं लग्न झालं. परवा त्या नव्या सुनेला घेऊन आल्या. ती बाळापूरकडची, बारीक, बोलायला मोकळी. काठावर बसून तिने पाय पाण्यात सोडले आणि तरोट्याकडे बघत विचारलं, “अम्मी सांगतात, आधी हे लय खोल होतं म्हणे. किती खोल होतं?”

“दोन पुरुष,” भाभी म्हणाल्या.

“इतकं कुठलं,” मी म्हटलं, “डोक्यावरून जेमतेम हातभर.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघू लागलो. मग मी सुनेला सांगितलं, आधी ओढणी कमरेला नीट बांध, आणि पायरी धरून खाली ये.